रेसिडेन्सीजवळची शाळा आणि मराठी घर

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी ग्रंथालयाच्या शताब्दीत एका इंग्रजी शाळेविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु हैदराबादेत मराठी घर आणि इंग्रजी शाळा ह्यांचा संबंध इतका जुना व इतका गुंतागुंतीचा आहे, की एकीचा विचार दुसऱ्यावाचून पुरा होत नाही. ग्रंथालयात येणाऱ्या वाचकाला अक्षरओळख होते ती शाळेत. ती कोणत्या शाळेत व कोणत्या भाषेत झाली, ह्यावर पुढची पन्नास वर्षे तो कोणत्या कपाटापाशी उभा राहणार हे बव्हंशी ठरून जाते. म्हणून आजच्या विषयासाठी अबिद्स रस्त्यावरील सेंट जॉर्जेस ग्रामर स्कूल ही शाळा निवडली आहे. तिची स्थापना १८३४ सालची, आणि हैदराबादेतील सर्वांत जुन्या इंग्रजी शाळांत तिची गणना होते.

१८३४ हे साल नीट ध्यानी घेतले पाहिजे. त्या वेळी गादीवर निजाम नासिरुद्दौला होते आणि कारभार चंदुलालांच्या हाती होता. दरबाराची व दफ्तराची भाषा फार्सी होती. मेकॉलेचे ते बहुचर्चित टिपण अद्याप लिहिले गेले नव्हते. ते आले पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १८३५ मध्ये. सरकारी अनुदानाची वाट मोकळी करणारा वुडचा खलिता तर वीस वर्षे दूर होता. इतकेच नव्हे, ज्या मद्रासच्या बिशपकडे दक्षिणेतील अँग्लिकन मंडळींची धार्मिक देखरेख पुढे आली, तो धर्मप्रांतही १८३५ मध्ये स्थापन झाला. म्हणजे ही शाळा मेकॉलेहून जुनी आणि आपल्या बिशपहूनही जुनी! इंग्रजी शिक्षण म्हटले की सारे खापर किंवा सारे श्रेय मेकॉलेच्या माथी मारण्याची आपल्याकडे सवय आहे. हैदराबादची ही शाळा त्या सवयीला बसत नाही. कोणत्याही शैक्षणिक धोरणातून ती निघाली नाही. मुसीच्या उत्तरतीरी, चादरघाटाच्या बाजूस, कर्कपॅट्रिकने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रेसिडेन्सीचा तो भव्य वाडा उभारला होता. त्याच्या आश्रयाने इंग्रज आणि मिश्रवंशीय कुटुंबांची वस्ती वाढली. ह्या कुटुंबांतील मुलांना प्रार्थना, लेखन व हिशेब शिकवणारे कोणी हवे होते, आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या अनुयायांनी ती सोय केली. सेंट जॉर्ज चर्चची इमारत १८४४ च्या सुमाराची आहे. देवळाआधी शाळा, असा हा क्रम.

अबिद्स हे नाव तेव्हा नव्हतेच. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या खासगीत असलेल्या अल्बर्ट अबिद नामक गृहस्थाचे दुकान पुढे तेथे निघाले आणि त्याचे नाव साऱ्या भागाला चिकटले. दुकान गेले, नाव राहिले. शाळेचे मात्र दोन्ही राहिले.

शाळेच्या नावातील दोन्ही शब्द थोडे थांबून पाहण्यासारखे आहेत. ‘ग्रामर’ म्हणजे व्याकरण. पण इंग्लंडातील ग्रामर स्कूलमधले व्याकरण इंग्रजीचे नव्हते, ते लॅटिनचे होते. जुन्या देणग्यांतून चाललेल्या ह्या शाळांत लॅटिन-ग्रीकबाहेरचे विषय शिकवावे की नाही, हा तिकडे न्यायालयात गेलेला वाद होता. लीड्सच्या ग्रामर स्कूलच्या खटल्यात लॉर्ड एल्डन यांनी १८०५ मध्ये असा निकाल दिला, की मूळ दात्याने जुन्या भाषा शिकवण्यासाठी दिलेला पैसा आधुनिक विषयांकडे वळवता येणार नाही. ही अडचण दूर करायला १८४० मध्ये पार्लमेंटला कायदा करावा लागला. आपल्याकडच्या पाठशाळांतही आरंभ व्याकरणापासूनच होई, आणि तेथेही शिकणाऱ्याची घरची भाषा वेगळी व शिकायची भाषा वेगळी असे. तेव्हा परक्या भाषेतून विद्या घेणे ही इंग्रजांनी आणलेली नवी गोष्ट म्हणता येत नाही. नवे होते ते हे, की ह्या परक्या भाषेला बाजारात, कचेरीत आणि आगगाडीच्या स्टेशनावर रोजचा भाव होता.

दुसरा शब्द जॉर्ज. इंग्लंडचा हा रक्षक संत मुळात इंग्रज नव्हता. त्याची कथा पूर्वेकडची आहे. घोड्यावर बसून भाल्याने राक्षसी सर्पाला मारणारा हा वीर मुस्लिम परंपरेत ‘जिर्जिस’ म्हणून ओळखीचा आहे. तबरीच्या इतिहासातही त्याची कथा आहे. अश्वारूढ होऊन मणि-मल्लांचा संहार करणाऱ्या खंडोबाच्या उपासकांना, आणि तेलंगणात त्यालाच मल्लन्ना म्हणून भजणाऱ्यांना, हे चित्र अपरिचित वाटण्याचे कारण नाही. हैदराबादसारख्या शहरात अशा नावाची शाळा उपरी वाटली नाही, तर त्यात नवल नाही. हा केवळ योगायोग आहे, पण सुखद आहे.

आता परंपरांविषयी. अँग्लिकन शाळांची परंपरा म्हटली म्हणजे काही ठराविक गोष्टी डोळ्यांपुढे येतात: सकाळची सामुदायिक प्रार्थना आणि स्तोत्रगायन, विद्यार्थ्यांची ‘हाउस’ नावाच्या गटांत विभागणी, वरच्या वर्गातील मुलांमधून नेमलेले प्रीफेक्ट, भिंतीवरचे सन्माननामांचे लाकडी फलक, नाताळपूर्वीचे कॅरोलगायन, वार्षिक क्रीडादिन. ह्यांतील बऱ्याचशा गोष्टी वाटतात तितक्या पुरातन नाहीत. प्रीफेक्टांच्या हाती शिस्त सोपवण्याच्या पद्धतीला नैतिक वजन दिले ते रग्बी शाळेचे मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड यांनी, आणि त्यांची कारकीर्द १८२८ ते १८४२ ही. म्हणजे हैदराबादची शाळा निघाली तेव्हा ही पद्धत इंग्लंडातही नवीच होती. बायबलमधील नऊ पाठ व कॅरोल अशी जी उपासना आज अनादि वाटते, ती ट्रुरो येथे १८८० मध्ये सुरू झाली. परंपरा म्हणून जे मिरवले जाते त्यातले पुष्कळसे आपल्या आजोबांच्या आजोबांइतकेही जुने नसते. ही गोष्ट इंग्रजांना जशी लागू आहे तशी आपल्यालाही.

ह्या परंपरांची नक्कल हिंदुस्थानभर झाली, हे मात्र खरे. मराठी शाळांनी हाउसांना शिवाजी, टिळक, रानडे अशी नावे दिली. प्रीफेक्टचा वर्गनायक केला. स्तोत्राच्या जागी सरस्वतीस्तवन आले. साचा तोच राहिला. ह्यात हिणवण्यासारखे काही नाही. चांगली पद्धत कोठूनही घ्यावी. परंतु साचा घेताना त्याच्या मुळाशी असलेला एक विचार आपल्याकडील लोकांनी, आणि खुद्द अँग्लिकन शाळाचालकांनीही, सोयीस्करपणे बाजूला ठेवला. तोच आजच्या विषयाचा गाभा आहे.

सोळाव्या शतकात चर्च ऑफ इंग्लंड रोमपासून वेगळे झाले. त्याची राजकीय कारणे सर्वांना ठाऊक आहेत. पण त्या चर्चने स्वतःची म्हणून जी ओळख घडवली, तिच्यात भाषेचा प्रश्न अग्रभागी होता. १५४९ मध्ये त्याने आपला प्रार्थनाग्रंथ लॅटिन सोडून इंग्रजीत काढला. पुढे आपल्या श्रद्धेची जी ३९ कलमे त्याने निश्चित केली, त्यांतील २४ वे कलम स्पष्ट सांगते की लोकांना न समजणाऱ्या भाषेत सार्वजनिक उपासना चालवणे हे देवाच्या वचनाला आणि आद्य चर्चच्या रिवाजाला सोडून आहे. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वारसांना ह्या कलमाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. संस्कृत देवांनी केली तर प्राकृत कोणी केली, असा रोकडा सवाल एकनाथांनी जवळजवळ त्याच शतकात पैठणास बसून केला होता. एक लंडनला, एक गोदाकाठी. परस्परांची वार्ताही नसताना दोन्हीकडे एकाच दुखण्यावर एकच औषध शोधले गेले.

असे हे चर्च हिंदुस्थानात आल्यावर दोन भाषांत बोलू लागले. खेड्यांत, दुष्काळपीडितांत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्त्यांत ते लोकांची भाषा बोले. चर्च मिशनरी सोसायटीचे काम निजामाच्याच राज्यात औरंगाबादच्या परिसरात चालले होते, आणि मूळचे पारशी असलेले रेव्हरंड रतनजी नवरोजी तेथे मराठीतून उपदेश करीत. प्रार्थनाग्रंथाचे मराठी भाषांतर एकोणिसाव्या शतकातच झाले. तेलंगणात १९१२ मध्ये दोर्नाकलचे बिशप झालेले व्ही. एस. अझरय्या हे अँग्लिकन पंथाचे पहिले भारतीय बिशप. त्यांचे सारे कार्य तेलुगू खेड्यांत झाले, आणि त्यांनी दोर्नाकलला बांधलेल्या कॅथीड्रलच्या घडणीत मंदिर व मशीद या दोहोंच्या खुणा दिसतात. हे झाले खेड्याचे. शहरात, रेसिडेन्सीच्या आसपास, तेच चर्च इंग्रजी बोलले. आणि आरंभी ते योग्यच होते, कारण तेथील मुलांची घरची भाषा इंग्रजी होती. २४ व्या कलमाला त्यात बाध नव्हता. पुढे मात्र वर्ग उर्दू, तेलुगू, मराठी, कानडी घरांतील मुलांनी भरले, आणि भाषा तीच राहिली. हा दोष शाळेचा म्हणावा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या मुलांचे आईबाप त्यांना तेथे घालत होते ते त्याच भाषेसाठी.

मुंबईत गोष्ट वेगळी घडली आणि ती तुलनेसाठी सांगणे आवश्यक आहे. तेथेही आरंभ अँग्लिकन धर्मादायातूनच झाला. १७१८ मध्ये सेंट थॉमस चर्च उघडले, त्याच सुमारास पाद्री रिचर्ड कॉब यांनी तेथे एक धर्मादाय शाळा काढली. १८१५ मध्ये आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांच्या पुढाकाराने बॉम्बे एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. देवळालीची १९२५ मध्ये उघडलेली बार्न्स शाळा ही तिचीच संतती. ह्या सोसायटीने १८२० मध्ये एतद्देशीयांच्या शाळा व पुस्तके यांसाठी एक समिती नेमली, आणि दोनच वर्षांत ती समिती स्वतंत्र संस्था बनली. तिच्यातून मराठी शालेय पुस्तके निघाली, जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे धुरीण आणि बाळशास्त्री जांभेकर यांच्यासारखे विद्वान तिच्याशी जोडले गेले, आणि मराठी गद्याला गणिताची, भूगोलाची, इतिहासाची भाषा लाभली. एल्फिन्स्टनच्या काळातील धोरणाचा त्याला आधार होता. हैदराबादेत अशी समिती नेमणारे कोणी नव्हते. रेसिडेंटला निजामाच्या प्रजेच्या शिक्षणाशी कर्तव्य नव्हते, आणि दरबाराला प्रजेच्या भाषांशी. १९०१ च्या जनगणनेत संस्थानातील सुमारे चतुर्थांश लोक मराठी बोलणारे होते. तेलुगू बोलणारे निम्म्याच्या जवळपास होते आणि उर्दू बोलणारे दहांत एक. १८८० नंतरच्या दशकात फार्सीची जागा घेतली ती उर्दूने. मराठी माणसाला मामलेदार कचेरीत जायचे तर उर्दू हवी, आणि संस्थानाबाहेर जायचे तर इंग्रजी. मराठी हवी ती फक्त घरी, देवघरात आणि भजनात.

अशा परिस्थितीत सेंट जॉर्जसारख्या शाळेचे महत्त्व केवढे असेल ह्याची कल्पना तिच्या एका विद्यार्थ्यावरून येते. मीर अहमद अली हा १८७७ मध्ये जन्मलेला मुलगा ह्या शाळेत, मग मदरसा-ए-आलियात आणि मग निजाम कॉलेजात शिकला. १८९६ मध्ये संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन तो इंग्लंडातील कूपर्स हिलच्या प्रसिद्ध अभियांत्रिकी महाविद्यालयात गेला. हेच पुढचे नवाब अली नवाज जंग, संस्थानाचे मुख्य अभियंता. निजामसागर धरण हे त्यांचे सर्वांत विख्यात काम. ते १९२३ ते १९३१ ह्या काळात मांजरा नदीवर बांधले गेले. मांजरा उगम पावते ती बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. लातूर-बीदरकडून वाहत ती तेलंगणात उतरते आणि निजामाबादची भातखाचरे भिजवते. मराठी मुलखातले पाणी तेलुगू शेतात पोचवणारा, उर्दू घरात वाढलेला आणि इंग्रजी शाळेत शिकलेला अभियंता! जुन्या हैदराबादचे सारे गुण आणि सारी विषमता ह्या एका वाक्यात आहे. त्यांचा ११ जुलै हा जन्मदिवस तेलंगणात अभियंतादिन म्हणून पाळला जातो.

मराठी समाजाने ह्या अडचणीतून स्वतःची वाट काढली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. केशवराव कोरटकर, वामन नाईक आणि त्यांचे सहकारी यांच्या खटपटीने हैदराबादेत विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्यास नूतन विद्यालय ह्या संस्था उभ्या राहिल्या. चित्रकार म्हणून त्या काळी हैदराबादेत राहणारे आणि पुढे वेदाभ्यासक म्हणून ख्यात झालेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचाही ह्या चळवळीशी निकटचा संबंध होता. केशवराव हे मूळचे परभणीकडचे. वकिली केली ती उर्दूतून, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले ते उर्दूच्या बळावर, आणि शाळा काढली ती मराठीसाठी. ज्याला दुसऱ्याची भाषा उत्तम येते त्यालाच आपल्या भाषेची उणीव अधिक बोचते, असे पुष्कळदा दिसते. विवेकवर्धिनीला खासगी शाळांवरील निर्बंधांशी आणि संशयाच्या नजरेशी सतत झगडावे लागले. सेंट जॉर्जला तसे झगडावे लागले नाही, कारण तिच्या पाठीशी रेसिडेन्सी होती. दोन्ही शाळा परस्परांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. एकीला सत्तेचे अभय, दुसरीला समाजाचा आधार. ह्या फरकाचे विस्मरण होऊन केवळ निकालांची व टापटिपीची तुलना केली जाते, तेव्हा ती न्याय्य ठरत नाही.

पण मराठी शाळेची बाजू घेताना एका प्रसंगाला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात संस्थानातील समाजसुधारकांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते धोंडो केशव कर्वे. ज्यांनी १९१६ मध्ये स्त्रियांचे विद्यापीठ काढून त्यात मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा प्रयोग केला, तेच हे कर्वे. परिषदेत इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे झाली. मग आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील एका ठरावावर तेलुगूत बोलू लागले. श्रोत्यांनी, आणि त्यांत मराठी श्रोते बहुसंख्य होते, आरडाओरडा करून त्यांना खाली बसवले. ज्या शहराच्या भोवतालच्या खेड्यांची भाषा तेलुगू, त्या शहरात हे घडले, आणि घडले ते मातृभाषेच्या कैवाऱ्याच्या अध्यक्षतेखाली, मातृभाषेच्या शाळेत! दुखावलेले तेलुगू प्रतिनिधी त्याच रात्री एकत्र जमले आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. पुढे आंध्र महासभा, आणि तेलंगणाच्या साऱ्या सार्वजनिक जीवनाला वळण देणारी चळवळ, ह्यांचे मूळ त्या रात्रीत शोधले जाते. तेलुगू समाजाचा इतिहास हा प्रसंग विसरलेला नाही. मराठी समाजाच्या स्मरणात तो फारसा नाही.

उस्मानिया विद्यापीठाचे फर्मान १९१७ चे, आणि विद्यापीठ निघाले १९१८ मध्ये. देशी भाषेतून सर्व विषयांचे उच्च शिक्षण देण्याचा तो थोर प्रयोग होता. त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग काढून शेकडो ग्रंथ उर्दूत आणले गेले. परंतु ती देशी भाषा प्रजेतील दहांत एकाची होती. बाकीच्या नऊ जणांना परकी भाषा बदलून दुसरी परकी भाषा मिळाली, एवढाच लाभ. अशा वेळी काही मराठी घरांनी इंग्रजी शाळेची वाट धरली, तर त्यांना भाषाद्रोही ठरवणे उथळपणाचे होईल.

स्वातंत्र्यानंतरचा भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, मेथॉडिस्ट आणि इतर काही पंथ त्यात एक झाले. हैदराबादचे सेंट जॉर्ज चर्च मेदक धर्मप्रांतात आले. तेव्हा काटेकोरपणे बोलायचे तर त्या चर्चच्या छायेतील शाळेला आज नुसते अँग्लिकन म्हणता येत नाही; अँग्लिकन परंपरेतून आलेली म्हणावे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये भाषावार रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. हैदराबादेतील मराठी माणूस एका रात्रीत आपल्या मुलखापासून तुटला. कालपर्यंत तो चतुर्थांशाचा प्रतिनिधी होता. आज परप्रांतातील लहानसा अल्पसंख्य झाला. मराठी शाळांना जी मुले औरंगाबाद, परभणी, नांदेडहून येत, ती येण्याचे थांबले. रेसिडेन्सीच्या वाड्यात १९४९ पासून मुलींचे महाविद्यालय भरू लागले. इंग्रजी शाळा मात्र पूर्वीपेक्षा अधिक भरली, कारण आता दिल्ली, बंगलोर आणि पुढे अमेरिका ह्या साऱ्यांची वाट तेथूनच जात होती.

आज मराठी घरातील आठ वर्षांच्या मुलाचे वेळापत्रक काय असते? इंग्रजी हे माध्यम. तेलंगणाच्या २०१८ च्या कायद्याप्रमाणे तेलुगू अनिवार्य, आणि ते योग्यच आहे. ज्या राज्यात राहावे त्याची भाषा यावी. तिसरी भाषा बहुधा हिंदी. २०२२ पासून सरकारी शाळांतही इंग्रजी माध्यम आणण्याचे धोरण आले, म्हणजे परिस्थिती केवळ खासगी शाळांपुरती राहिलेली नाही. ह्या वेळापत्रकात मराठीला रकाना नाही. आजी नांदेडहून आली म्हणजे तो मुलगा तिच्याशी मराठीत बोलतो, पण तिने आणलेले पुस्तक वाचून दाखवायला सांगितले की गप्प बसतो. त्या मुलाचे आईबाप शंभर वर्षांपूर्वीच्या आईबापांपेक्षा वेगळे वागलेले नाहीत. त्यांनी तीच निवड केली आहे, त्याच कारणासाठी. फरक एवढाच, की तेव्हा घरात चुलते, आत्या, भजनीमंडळ, कीर्तन होते आणि भाषा आपोआप झिरपत असे; आता घरात तीन माणसे आणि तीन पडदे आहेत.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हा मुलगा वाटतो तितका रिकाम्या हाताचा नाही. हिंदीमुळे त्याला देवनागरी येते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला जी लिपी, तीच त्याला. हिंदीत नसलेला ‘ळ’ त्याला कठीण जावा, पण तेलुगूत तो आहे, आणि तेलुगूच्या तासाला त्याची जीभ त्यावर रोज फिरते. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील दोन ‘च’ हिंदी भाषकाला सहसा साधत नाहीत. तेलुगू बोलणाऱ्याला तो फरक उपजतच कळतो, कारण त्या भाषेतही च आणि ज यांचे दोन दोन उच्चार आहेत. म्हणजे अक्षरे एका तासातून आणि उच्चार दुसऱ्या तासातून असे मराठीचे सामान त्याच्या दप्तरात आधीच येऊन पडले आहे. वेंकटरामरावांना जी भाषा १९२१ मध्ये ह्याच शहरातील मराठी सभेत बोलू दिली गेली नाही, तीच आज मराठी मुलाच्या तोंडात ‘ळ’ जिवंत ठेवते आहे.

उरतात ते शब्द आणि पुस्तके. शब्द घराने द्यायचे. पुस्तकांपुरते बोलायचे तर मोठ्या टायपातील, सचित्र, जोडाक्षरे कमी असलेली पन्नास-साठ पुस्तके पहिल्या फळीसाठी पुरे आहेत. श्यामची आई किंवा गोट्या पहिल्याच दिवशी हाती देण्याची घाई करू नये. हिंदी वाचून आलेल्या मुलासाठी वेगळा तक्ता लागेल, त्यात दोन्ही भाषांत दिसायला सारखे पण अर्थाने भिन्न असे शब्द द्यावेत: ‘शिक्षा’, ‘यातायात’, ‘चेष्टा’. तो तक्ता सभासदांपैकी निवृत्त शिक्षकांना एका आठवड्यात करता येईल. आणि बालविभाग उघडण्याची वेळ ठरवताना घड्याळ ग्रंथालयाचे न धरता शाळेचे धरावे. मुले बसमधून उतरतात तेव्हा कपाटाला कुलूप असेल, तर बाकीच्या तयारीचा उपयोग नाही.